धातू, अर्धवाहक आणि त्यांचा सांधा

प्रकाश पडताच रासायनिक क्रिया घडवून आणणारे, आणि ती क्रिया पार पडल्यावर स्वतः मात्र जसेच्या तसे शिल्लक राहणारे घन पदार्थ हा या ग्रंथाचा विषय आहे. त्यातही विशेषेकरून ज्या पदार्थांत अर्धवाहकाच्या सूक्ष्म कणावर प्लॅटिनम, सोने किंवा चांदी यांसारख्या धातूचा त्याहूनही सूक्ष्म ठिपका बसविलेला असतो, अशा संमिश्रांचा विचार येथे विस्ताराने केला आहे. हे कण काही नॅनोमीटर मापाचे असतात, आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, एवढे सांगितले की ज्या सृष्टीत वाचकाला आता शिरावयाचे आहे तिच्या मानाची कल्पना येईल. प्रकाश शोषून घेणे हे काम तसे अवघड नाही; काळा दगडही ते करतो. शोषलेल्या प्रकाशातून जी शक्ती हाती येते ती उष्णतेच्या रूपाने वाया जाण्यापूर्वी तिला एखाद्या उपयुक्त क्रियेत गुंतविणे हेच खरे अवघड काम, आणि गेल्या पन्नास वर्षांत त्याबाबतीत जे काही साधले ते बहुतांशी धातू आणि अर्धवाहक जेथे एकमेकांना भिडतात त्या सांध्याच्या अभ्यासामुळे साधले, असे माझे मत आहे. ग्रंथाची सारी मांडणी या मताला धरून केलेली असल्यामुळे ते आरंभीच नमूद करणे मला योग्य वाटते.

ही प्रस्तावना मी जेथे बसून लिहितो ते त्सुफेनहाउझेन हे स्टुटगार्टच्या उत्तरेकडील उपनगर. १९३१ साली ते शहराच्या हद्दीत सामील झाले, १९३८ साली पोर्शे यांची आरेखन-कचेरी येथे आली, १९५० पासून त्या नावाच्या मोटारी येथे बांधल्या जाऊ लागल्या, आणि आज जगभर या गावाची जी ओळख आहे ती बव्हंशी त्या कारखान्यामुळे आहे. प्रकाशाने चालणाऱ्या उत्प्रेरकांचा आणि मोटारीच्या कारखान्याचा संबंध काय, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे साहजिक आहे. परंतु पेट्रोलवर चालणाऱ्या आजच्या प्रत्येक मोटारीच्या पोटाखाली धूर शुद्ध करणारी जी पेटी बसविलेली असते, तिच्या आत ऑक्साइडच्या थरावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांचे अतिसूक्ष्म कण पेरलेले असतात. ऑक्साइडवर बसविलेला धातूचा कण, ही रचना या ग्रंथातील संमिश्रांशी थेट नाते सांगते. फरक इतकाच की त्या पेटीला काम सुरू करण्यासाठी सुमारे अडीचशे ते तीनशे अंश सेल्सिअस इतकी उष्णता लागते, आणि आपल्या विषयातील कणाला उन्हाची तिरीप पुरते. थंड इंजिनाच्या पहिल्या काही मिनिटांत ती पेटी जवळजवळ निरुपयोगी असते, ही गोष्ट या उपनगरातील कोणताही यंत्रज्ञ सांगेल.

उष्णतेवाचून चालणाऱ्या शुद्धीकरणाची गरज या शहराला तर फारच तीव्रतेने भासलेली आहे. स्टुटगार्ट द्रोणासारख्या खोलगट भूमीत वसले असल्यामुळे तेथील हवा कोंडून राहते. नेकारटोर या चौकाजवळच्या मोजणी-केंद्रात २०१६ साली नायट्रोजन डायऑक्साइडचे वार्षिक सरासरी प्रमाण घनमीटरला ८२ मायक्रोग्रॅम नोंदले गेले. युरोपीय संघाची मर्यादा ४० ची होती. २०१९ च्या १ जानेवारीपासून जुन्या डिझेल मोटारींना शहरात मनाई करण्याचा हुकूम निघाला आणि त्याचा अंमल त्सुफेनहाउझेनच्या रस्त्यांवरही झाला.

या उपनगराचे दुसरे नाते मला अधिक जवळचे वाटते, आणि ते फारसे कोणाच्या ध्यानात नसते. १९५८ साली दोन जुन्या कंपन्या एकत्र येऊन स्टँडर्ड एलेक्ट्रिक लोरेन्झ ही दूरध्वनियंत्रे बनविणारी मोठी पेढी स्थापन झाली, तिचे ठाणे येथेच होते. कार्ल श्टाइनबुख यांच्या देखरेखीखाली तिने त्याच दशकाच्या अखेरीस ‘ई आर ५६’ नावाचा, पूर्णतः ट्रान्झिस्टरवर चालणारा गणक तयार केला. त्या काळचे ट्रान्झिस्टर बहुतांशी जर्मेनियमचे असत, आणि जर्मेनियमला ओलाव्याचे अत्यंत वावडे असल्यामुळे प्रत्येक ट्रान्झिस्टर धातूच्या टोपीत बंदिस्त करून हवेपासून तोडावा लागे. नेमक्या त्याच वर्षांत, त्याच शहरात, मॅक्स प्लांक धातुसंशोधन संस्थेत हाइन्झ गेरिशर हे तरुण रसायनशास्त्रज्ञ जर्मेनियमचा तुकडा मुद्दाम पाण्यात बुडवून बसले होते. १९५४ ते १९६१ हा त्यांचा स्टुटगार्टमधील काळ. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ब्रॅटन आणि गॅरेट यांनी १९५५ साली जर्मेनियम आणि विद्रव यांच्या सीमेवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले होते. गेरिशर यांनी तो धागा उचलला आणि अर्धवाहकातील इलेक्ट्रॉन विद्रवातील रेणूकडे केव्हा जातो, केव्हा जात नाही, याचे नियम पद्धतशीरपणे बांधून दिले. पुढे म्युनिक आणि बर्लिन येथे त्यांची कीर्ती वाढली, तरी अर्धवाहकाच्या विद्युत्-रसायनशास्त्राचा पाया घालण्याचे त्यांचे मोठे काम या शहरातले आहे. एका कारखान्यात जे पाणी शत्रू मानून बाहेर ठेवले जात होते, तेच काही कोसांवरच्या प्रयोगशाळेत संशोधनाचे माध्यम झाले होते, ही घटना मला या शास्त्राच्या इतिहासातील एक महत्त्वाचे वळण वाटते.

इतिहासाचा तपशील पहिल्या प्रकरणात आला आहे. येथे केवळ त्याची दिशा दाखवितो. धातू आणि अर्धवाहक यांच्या सांध्यातून विद्युत्प्रवाह एका दिशेने सहज जातो आणि उलट दिशेने अडतो, हे फर्डिनांड ब्राउन यांनी १८७४ साली सल्फाइडी खनिजांवर धातूची तार टेकवून दाखविले. आचार्य जगदीशचंद्र बसू यांनी गॅलेना खनिजाच्या अशाच सांध्याचा उपयोग विद्युत्-चुंबकीय तरंग ओळखण्यासाठी केला आणि १९०४ साली त्यांना त्याचे अमेरिकी पेटंट मिळाले. आणि हा प्रवाह का अडतो याचा उलगडा वाल्टर शॉट्की यांनी १९३८-३९ च्या सुमारास केला. सांध्यावर उभ्या राहणाऱ्या विद्युत्-अडसराला तेव्हापासून त्यांचेच नाव आहे. दुसरीकडे, प्रकाशाने होणाऱ्या रासायनिक क्रियांचा शोध स्वतंत्र वाटेने चालला होता. बोलोन्याचे प्राध्यापक जाकोमो चामिचान यांनी १९१२ साली न्यूयॉर्क येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत, कोळशावर उभ्या असलेल्या उद्योगाने सूर्यप्रकाशाकडे वळावे, असे आग्रहाने मांडले. त्याच सुमारास म्युनिकच्या आयब्नर यांना झिंक ऑक्साइडच्या सान्निध्यात प्रशियन निळा रंग उन्हात उडतो असे आढळले होते, आणि १९३८ साली गुडीव्ह आणि किचनर यांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या संदर्भात तसाच अनुभव नोंदला. रंगाच्या व्यवसायातील मंडळींना हा गुण म्हणजे मोठी पीडा होती. पांढऱ्या रंगातील हे ऑक्साइड उन्हात भोवतालचे तेल खाऊन टाकते आणि भिंतीवर बोट फिरवले की पांढरी भुकटी हाती लागते. म्हणून त्यांनी प्रत्येक कणावर सिलिका व ॲल्युमिना यांचे कवच चढवून त्या गुणाचा बंदोबस्त केला. एका धंद्याने वर्षानुवर्षे खटपट करून जो गुण दाबला, तोच गुण दुसऱ्यांना हवासा झाला, असे या शास्त्रात एकदाच घडलेले नाही.

दोन्ही वाटा जेथे मिळाल्या ते ठिकाण टोकियो. आकिरा फुजिशिमा या विद्यार्थ्याला १९६७ साली, केनिची होंडा यांच्या मार्गदर्शनाखाली काम करीत असता, पाण्यात बुडविलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या स्फटिकावर प्रकाश टाकला असता त्यावर ऑक्सिजनचे बुडबुडे आणि तारेने जोडलेल्या प्लॅटिनमवर हायड्रोजनचे बुडबुडे येतात असे दिसले. १९७२ साली ‘नेचर’ नियतकालिकात तो वृत्तान्त छापून आला, आणि पुढच्याच वर्षी खनिज तेलाचे संकट उद्भवल्यामुळे साऱ्या जगाने त्याची दखल घेतली. त्यानंतर टेक्सासमध्ये ॲलन बार्ड आणि त्यांचे विद्यार्थी यांनी मधली तारच काढून टाकली; १९७८ च्या सुमारास त्यांनी प्लॅटिनम थेट टायटॅनियम डायऑक्साइडच्या भुकटीवर बसविले, आणि प्रत्येक कण स्वतःपुरता एक संपूर्ण विद्युत्-घट झाला. या ग्रंथाचा विषय खऱ्या अर्थाने तेथून सुरू होतो.

तो कण कसा तयार होतो हे जवळून पाहण्याजोगे आहे. काचेच्या पात्रात पाणी घ्यावे, त्यात थोडे मिथेनॉल आणि टायटॅनियम डायऑक्साइडची भुकटी घालून ढवळावे. दुधासारखा पांढरा विद्रव होतो. त्यात क्लोरोप्लॅटिनिक आम्लाचे काही थेंब सोडावेत, नायट्रोजन वायू सोडून आतला ऑक्सिजन हाकलून द्यावा, आणि अतिनील दिवा लावावा. काही वेळाने पांढऱ्या विद्रवाला राखी छटा येऊ लागते, ती गडद होत जाते, आणि अखेर सारा विद्रव करडा दिसू लागतो. प्लॅटिनम बसविण्यासाठी कोणी काही वेगळे केलेले नसते. प्रकाशाने मोकळा झालेला इलेक्ट्रॉन ज्या जागी कणाच्या पृष्ठभागावर येतो त्याच जागी प्लॅटिनमचा अणू धातुरूपाने स्थिरावतो, पुढचा इलेक्ट्रॉन तेथेच येणे पसंत करतो, आणि ठिपका वाढत जातो. प्लॅटिनमचे लवण संपले की तोच दिवा, तेच पात्र, परंतु आता करड्या विद्रवातून बारीक बुडबुडे उठू लागतात आणि ते हायड्रोजनचे असतात. उत्प्रेरकाने आपला सहाय्यक स्वतःच घडविला आणि मग त्याच्या साहाय्याने कामाला लागला, हे दृश्य मी जेव्हा जेव्हा पाहतो तेव्हा मला विलक्षण आनंद होतो.

आत काय घडते, याचा खुलासा असा. अर्धवाहकात इलेक्ट्रॉनांच्या शक्तीचे दोन पट्टे असतात. खालचा भरलेला, वरचा रिकामा, आणि मध्ये एक निषिद्ध अंतर. टायटॅनियम डायऑक्साइडच्या अनाटेज रूपात हे अंतर ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते, सबब ३८७ नॅनोमीटरपेक्षा अधिक तरंगलांबीचा प्रकाश त्याला ओलांडू शकत नाही. पुरेशा शक्तीचा प्रकाशकण पडला म्हणजे एक इलेक्ट्रॉन वर उडतो आणि खाली त्याची रिकामी जागा, म्हणजे विवर, मागे राहते. इलेक्ट्रॉन दुसऱ्याला देता येतो, विवर दुसऱ्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेते. पाण्यातील हायड्रोजन सुटणे हे पहिल्याचे काम, ऑक्सिजन सुटणे किंवा एखाद्या सेंद्रिय घाणीचे ज्वलन होणे हे दुसऱ्याचे. परंतु मोकळे सोडले तर हे दोघे नॅनोसेकंदाच्या आत-बाहेर पुन्हा एकत्र येतात आणि शोषलेला प्रकाश उष्णतेच्या रूपाने खर्ची पडतो. या शास्त्राची सारी कसोटी दोघांची ताटातूट टिकविण्यात आहे. धातूचा ठिपका कामी येतो तो येथे. इलेक्ट्रॉन त्याच्यात उतरतो आणि शॉट्कीच्या अडसरामुळे परत फिरू शकत नाही. विवर अर्धवाहकात उरते. आणि प्लॅटिनमसारख्या धातूवर हायड्रोजनचे दोन अणू एकत्र येऊन वायू होण्याची क्रिया फार अल्प श्रमात होत असल्यामुळे थांबलेला इलेक्ट्रॉन लगेच कामाला लागतो.

धातू केवळ साठवण करतो की अर्धवाहकाच्या स्वभावातही बदल घडवितो, या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी दिले त्यांचे नाव मराठी वाचकाला परिचित असावयास हवे. प्रशांत कामत यांनी १९७९ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली आणि पुढे अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठात आपले संशोधन उभे केले. दोन विहिरींच्या तळाशी पाझर असला म्हणजे त्यांच्या पाण्याची पातळी जशी एकमेकीला धरून सरकते, तशीच धातू आणि अर्धवाहक यांच्यातील इलेक्ट्रॉनांची पातळी सरकून समान होते. कामत आणि त्यांचे सहकारी यांनी २००४ साली टायटॅनियम डायऑक्साइड आणि सोने यांच्या संमिश्रात ही सरक प्रत्यक्ष मोजली. सोन्याचे कण ८ नॅनोमीटरचे असता ती २० मिलिव्होल्ट भरली, आणि ३ नॅनोमीटरचे असता ६० मिलिव्होल्ट. लहान कणात थोडे इलेक्ट्रॉन आले तरी पातळी झपाट्याने चढते, संमिश्राची देण्याची ताकद वाढते. धातूचे वजन तेच, द्रव्य तेच, फक्त मापात फरक, आणि परिणामात तिपटीचे अंतर. नॅनो हे उपपद या क्षेत्रात शोभेसाठी लावलेले नाही याचा इतका स्वच्छ दाखला मला दुसरा ठाऊक नाही.

सोने आणि चांदी यांचा आणखी एक गुण आहे. त्यांच्या सूक्ष्म कणांतील इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या विशिष्ट तरंगांबरोबर एकसाथ आंदोलित होतात. सोन्याच्या बाबतीत हे ५२० नॅनोमीटरच्या आसपास घडते, म्हणूनच सोन्याचा सूक्ष्म विद्रव तांबडा दिसतो, ज्याचे परीक्षण मायकेल फॅरडे यांनी १८५७ साली केले होते. या आंदोलनामुळे कणाच्या निकट प्रकाशाचे क्षेत्र तीव्र होते आणि कधी कधी खुद्द धातूतूनच तप्त इलेक्ट्रॉन अर्धवाहकात उडी घेतात. पांढऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडला दृश्य प्रकाशाचा लाभ करून देण्याचा हा मार्ग आकर्षक आहे खरा. तथापि त्यातून आजवर हाती आलेले उत्पन्न माफक आहे, आणि पुष्कळशा प्रयोगांत दिव्याच्या उष्णतेने झालेले काम आणि प्रकाशाने झालेले काम यांचा हिशेब वेगळा केलेला नसतो. या मार्गाविषयी मी ग्रंथात थोडक्यात लिहिले आहे, आणि ते हेतुपुरस्सर आहे.

धातू जितका अधिक तितके बरे, असा समज करून घेण्याचे कारण नाही. ठिपके दाट झाले की तेच इलेक्ट्रॉन आणि विवर यांच्या पुनर्मीलनाचे स्थान होतात आणि प्रकाशही अडवतात. शिवाय प्लॅटिनम वा ऱ्होडियम यांच्या पृष्ठभागावर हायड्रोजन आणि ऑक्सिजन पुन्हा मिळून पाणी होण्याची क्रियाही तितक्याच सहजतेने चालते, म्हणजे एका हाताने मिळविलेले दुसऱ्या हाताने जाते. काझुनारी दोमेन आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी यावर जो तोडगा काढला त्याची योजकता असामान्य आहे: ऱ्होडियमच्या ठिपक्यावर क्रोमियम ऑक्साइडचे असे पातळ कवच चढवावयाचे की प्रोटॉन आत जाईल, हायड्रोजन बाहेर पडेल, परंतु ऑक्सिजन धातूपर्यंत पोहोचणार नाही. स्फटिकाच्या एका प्रकारच्या पृष्ठावर हा ठिपका आणि दुसऱ्या प्रकारच्या पृष्ठावर कोबाल्टचे ऑक्साइड अशी जागांची वाटणी करून त्यांनी २०२० साली ॲल्युमिनियममिश्रित स्ट्राँशियम टायटॅनेटवर ९६ टक्क्यांपर्यंत क्वांटम कार्यक्षमता गाठली. पडलेल्या प्रत्येक शंभर प्रकाशकणांपैकी शहाण्णव कामी आले, असा त्याचा अर्थ. परंतु हे प्रकाशकण ३५० ते ३६० नॅनोमीटरचे, म्हणजे अतिनील होते, आणि भूतलावर येणाऱ्या सूर्यशक्तीत अतिनील हिस्सा जेमतेम चार-पाच टक्के आहे. त्याच जातीच्या उत्प्रेरकाचे १०० चौरस मीटरचे पत्रे उन्हात मांडून २०२१ साली जो प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात सूर्यशक्तीचे हायड्रोजनमध्ये रूपांतर अधिकात अधिक ०.७६ टक्के झाले. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून वाचावेत, अशी माझी वाचकाला विनंती आहे. सांधा जवळजवळ निर्दोष करता येतो हे पहिला आकडा सांगतो, आणि निर्दोष सांधाही योग्य अर्धवाहकावर बसविल्यावाचून पोट भरत नाही हे दुसरा.

योग्य अर्धवाहकाच्या शोधात पुन्हा स्टुटगार्टकडे यावे लागते. शहराच्या पश्चिम बाजूस ब्यूसनाऊ येथे मॅक्स प्लांक घनावस्था संशोधन संस्था आहे. तेथे बेटिना लोट्श आणि त्यांचे सहकारी कार्बन आणि नायट्रोजन यांनी बनलेल्या पिवळसर अर्धवाहकांवर काम करतात. हे द्रव्य तसे जुने. लीबिश यांनी १८३४ साली त्याच्या एका रूपाचे वर्णन केले होते, आणि २००९ साली पॉट्सडामजवळच्या संस्थेतील मंडळींनी ते दृश्य प्रकाशात हायड्रोजन सोडते असे दाखवीपर्यंत त्याची कोणी फारशी विचारपूस केली नव्हती. त्याचे निषिद्ध अंतर सुमारे २.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे निळ्या प्रकाशापर्यंत त्याची पोहोच आहे. लोट्श यांच्या प्रयोगशाळेने २०१७ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मात्र मला या साऱ्या क्षेत्रातील सर्वांत सुंदर प्रयोगांपैकी एक वाटतो. त्यांनी या द्रव्याच्या एका सुधारित रूपावर प्रकाश टाकला, पण पात्रात धातू घातला नाही. पिवळे द्रव्य निळे झाले, कारण इलेक्ट्रॉन मोकळे होऊन अडकून पडले होते, आणि ते तासन् तास तसेच राहिले. नंतर अंधारात त्यात प्लॅटिनमचे सूक्ष्म कण सोडताच हायड्रोजन येऊ लागला. दिवसाची कमाई रात्री खर्च करण्याची तजवीज एकाच कणात झाली. आणि प्रकाश घेणे हे अर्धवाहकाचे काम व ते फलद्रूप करणे हे धातूचे काम, ही वाटणी वेळेच्या अंतराने डोळ्यांना दिसली. याच जातीच्या कणांना प्रकाशाच्या जोरावर रक्तासारख्या द्रवांतून पोहत नेऊन औषध पोहोचविण्याचे प्रयोगही याच शहरात झाले असून ते २०२२ साली प्रसिद्ध झाले आहेत.

महाराष्ट्राच्या भूमीशी या विषयाचे नाते दगडमातीपासूनच सुरू होते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळसर वाळूत इल्मेनाइट हे खनिज आहे, आणि टायटॅनियम डायऑक्साइड मिळविण्याचे ते एक प्रमुख साधन आहे. पुण्यात पाषाण रस्त्यालगत पंचवटी येथे असलेली, आणि १९९० साली स्थापन झालेल्या सी-मेट या केंद्रीय संस्थेची शाखा गेली अनेक वर्षे या क्षेत्रात कार्यरत असून, भारत काळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे जो मार्ग निवडला त्यात मला फार शहाणपण दिसते. पाण्याचे विघटन करावयास रेणुभारामागे २३७ किलोज्यूल शक्ती लागते. हायड्रोजन सल्फाइडचे विघटन करावयास सुमारे ३३. तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यांत हा विषारी वायू नको असताना निर्माण होतो. तेव्हा दृश्य प्रकाश शोषणाऱ्या सल्फाइडी अर्धवाहकांच्या साहाय्याने त्याच वायूतून हायड्रोजन काढावा, असा हा विचार आहे. सल्फाइडी अर्धवाहकांचा मोठा दोष हा की पाण्यात विवरे त्यांनाच कुरतडतात आणि कॅडमियमसारखा घातक धातू विरघळतो. पण भोवतालच्या विद्रवातच सल्फाइड भरपूर असले तर विवरांची भूक तेथे भागते आणि उत्प्रेरक बराचसा सुरक्षित राहतो. रोग आणि औषध एकाच पात्रात आणण्याची ही युक्ती होय. २००६ साली काळे आणि त्यांच्या कोरियन सहकाऱ्यांनी कॅडमियम-इंडियम सल्फाइडची जी रूपे प्रसिद्ध केली, त्यांतील एकाचे इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकातील चित्र पाहिले तर पातळ पाकळ्यांची गच्च गुंफण दिसते, आणि शोधनिबंधाच्या शीर्षकातच त्याला झेंडूचे नाव दिलेले आहे. दसऱ्याच्या तोरणात झेंडू ओवणाऱ्या कोणालाही ते चित्र समजावून सांगावे लागणार नाही. पाकळ्या पातळ असल्यामुळे आत मोकळ्या झालेल्या इलेक्ट्रॉनाला पृष्ठभागापर्यंत फार चालावे लागत नाही, हे त्या रूपाचे मर्म.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात ऑक्साइडांचे पातळ थर तापलेल्या काचेवर फवाऱ्याने बसविण्याची परंपरा आहे, आणि त्या थरांचा उपयोग दूषित पाण्यातील सेंद्रिय द्रव्ये प्रकाशाने नष्ट करण्याकडे झालेला आहे. इचलकरंजीच्या कापड-प्रक्रियेचे रंगीत सांडपाणी आणि पंचगंगेची अवस्था ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या संशोधनाची निकड सांगण्याची गरज नाही.

येथे मला एका बाबतीत स्पष्ट बोलणे भाग आहे. रंगद्रव्याचे पाणी घ्यावयाचे, त्यात भुकटी घालून दिवा लावावयाचा, आणि तासाभराने पाणी फिके झाले की उत्प्रेरक यशस्वी ठरला असा दाखला द्यावयाचा, ही रीत फार बोकाळली आहे. रंगद्रव्य स्वतःच प्रकाश शोषते आणि पुष्कळदा आपल्याच इलेक्ट्रॉनामुळे विटते; शिवाय रंग गेला म्हणजे विष गेले असे होत नाही, मधले तुटके रेणू पाण्यात राहतात. रंगाऐवजी पाण्यातील एकूण सेंद्रिय कार्बन मोजावा, हाच त्यावरचा प्रामाणिक उपाय. हायड्रोजनच्या आकड्यांचीही तीच गत आहे. पात्रात मिथेनॉल किंवा तत्सम द्रव्य घातले म्हणजे विवरे त्याच्यावर खर्च होतात आणि हायड्रोजन जोमाने येतो, पण तेथे पाण्याचे संपूर्ण विघटन झालेले नसते; ऑक्सिजन आलेला नसतो. ताशी दर ग्रॅमला इतके उत्पन्न, हा आकडा दिव्याची तीव्रता, पात्राचा आकार आणि भुकटीचे प्रमाण यांवाचून निरर्थक आहे. कोणत्या तरंगलांबीच्या किती प्रकाशकणांपासून किती रेणू मिळाले, एवढे सांगितले तरच दोन प्रयोगशाळांची तुलना होऊ शकते. या ग्रंथातील कोष्टकांत ज्यांच्या बाबतीत ही माहिती उपलब्ध होती तेच आकडे घेतले आहेत, आणि त्यामुळे काही गाजलेली नावे त्यांत आढळणार नाहीत.

आणखी एक प्रश्न प्रांजळपणे पुढे ठेवला पाहिजे. सौर पत्र्यांवर वीज तयार करावी आणि त्या विजेने पाण्याचे विघटन करावे, हा दुहेरी मार्ग आज प्रकाशोत्प्रेरक भुकटीपेक्षा कितीतरी अधिक उत्पन्न देतो. त्सुफेनहाउझेनच्या मोटार-कारखान्याने ज्या उपक्रमात भांडवल घातले आहे, तो चिलीच्या दक्षिण टोकाकडे पुंता अरेनास येथील हारू ओनी हा प्रकल्प २०२२ च्या डिसेंबरात सुरू झाला. तेथे वाऱ्याच्या विजेने हायड्रोजन काढून त्यापासून मिथेनॉल व पुढे पेट्रोल करण्याची योजना असून, प्रायोगिक अवस्थेत वर्षाला सुमारे १,३०,००० लिटर इंधनाचा अंदाज धरलेला आहे. पवनचक्की, विघटन-यंत्र, संश्लेषणाचा मनोरा, अशा पायऱ्यांनी जे काम होते ते एका कणात व्हावे, ही प्रकाशोत्प्रेरणाची महत्त्वाकांक्षा. आणि इंधनाच्या बाबतीत ती आज सिद्धीस गेलेली नाही. मात्र जेथे थोडे पण अचूक काम हवे असते, जसे पाण्यातील औषधांचे अंश नष्ट करणे, हायड्रोजन सल्फाइडसारख्या टाकाऊ वायूतून मोल काढणे, किंवा काचेला व भिंतीला आपली मळी स्वतः झटकावयास लावणे, तेथे हे शास्त्र आजही उपयोगी आहे. रोममधील २००३ साली पूर्ण झालेल्या ज्युबिली चर्चच्या शुभ्र भिंतींसाठी टायटॅनियम डायऑक्साइडमिश्रित सिमेंट वापरले गेले, ते याच हेतूने. इंधनाचे स्वप्न सोडावे असे मी म्हणत नाही. त्याच्या नावावर बाकीच्या कामांची उपेक्षा होऊ नये, इतकेच म्हणतो.

ग्रंथाच्या रचनेविषयी थोडेसे. पहिली तीन प्रकरणे महाविद्यालयात पदार्थविज्ञान किंवा रसायन शिकलेल्या कोणालाही वाचता येतील अशी आहेत. गणित टाळता आले तेथे टाळले आहे. सांध्यावरील प्रकरण सर्वांत मोठे आहे आणि ते सावकाश वाचावे. कण तयार करण्याच्या कृती अशा निवडल्या आहेत की जिल्ह्याच्या ठिकाणच्या साध्या प्रयोगशाळेतही बहुतेक जमतील. प्लॅटिनमचे लवण परवडत नसेल तेथे सिल्व्हर नायट्रेटने तोच परिणाम दाखविता येतो, फक्त विद्रव करडा न होता तपकिरी होतो. कॅडमियमच्या कृती मात्र धुराड्याची आणि टाकाऊ द्रव्य साठविण्याची नीट व्यवस्था असल्याखेरीज कोणीही करू नयेत, आणि त्याचे पाणी मोरीत सोडू नये.

पुणे, कोल्हापूर, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील प्रयोगशाळांत या विषयावर रात्रंदिवस राबणारे अनेक तरुण मराठी भाषिक आहेत, आणि त्यांचे सारे लेखन इंग्रजीत जाते. त्यांनी आपल्या प्रयोगांची टिपणे मराठीतही लिहावीत, दिव्याची तीव्रता आणि तरंगलांबी न विसरता नोंदवावी, आणि जे प्रयोग फसले तेही कळवावेत. पुढील आवृत्तीत अशा टिपणांसाठी एक स्वतंत्र प्रकरण राखून ठेवले आहे.

त्सुफेनहाउझेन, स्टुटगार्ट